सातबारा आणि दोन हजार रुपये

आज कार्डावरून एआयच्या वर्गणीचे दोनेक हजार पुन्हा कापले गेले. बायको म्हणाली, "एवढ्यात महिन्याचं दूध येतं." (रोज एक लिटर. हिशोब बरोबरच आहे.)

दुपारी त्याला मामांच्या जमिनीचे कागद इंग्रजीत करायला दिले. '७/१२ उतारा'चं साहेबांनी चक्क '१२ जुलैचा उतारा' केलं! फुकटवाल्याला हसून सोडून दिलं असतं. इथं मात्र पैसे मोजलेत. गाव नमुना ७ म्हणजे मालकी, १२ म्हणजे पिकं, हे मीच शिकवलं. पण खोटं कशाला बोलू, पुढची चार पानं तासाभरात निघाली, एरवी दोन संध्याकाळी गेल्या असत्या.

तरी वर्गणी बंद केलीय. मुदत २७ तारखेपर्यंत आहे, तोवर मामांचे फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी) इंग्रजीत उरकून घेतो.