पेडल मऊच राहिलं तेव्हा

पुढच्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग, बदलायला ब्रेकची नळी सोडली होती. मी मागच्या चाकाच्या गंजलेल्या निपलशी (हवा काढायच्या स्क्रूशी) झटत बसलो, आणि तेवढ्यात ब्रेक ऑइलची टाकी कोरडी पडून नळ्यांत हवा शिरली. एबीएस (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या जुन्या गाडीत या एका चुकीने माझे दोन रविवार खाल्ले.

आधी नेहमीसारखी चारही चाकांची हवा काढली. लेक सीटवर, मी चाकापाशी. "दाब. धरून ठेव." निपल पाव आटा सैल केलं की पारदर्शक नळीतून चहाच्या रंगाचं ऑइल यायचं, मध्येच बारीक बुडबुड्यांची माळ. निपल आवळल्यावरच "सोड." निपल उघडं असताना पाय सुटला तर हवा परत आत. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला होता. पेडल दाबल्यावर ऑइल पुढे ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये, तो जुना असेल तर, पिस्टन एरवी जिथवर जातो त्याच्या पुढे गंज आणि गाळ साचलेला असतो. पेडल पार खाली गेलं तर रबरी सील तिथे घासून खराब होतात. कुठलं चाक आधी, हे मॅन्युअलमध्ये बघूनच ठरवा. लांबचं चाक आधी हा नियम सगळ्या गाड्यांना चालत नाही.

ऑइल स्वच्छ यायला लागलं, बुडबुडे थांबले. पेडल मात्र मऊच. हवा एबीएसच्या युनिटात अडकली होती. आतल्या काही वाटा बंद व्हॉल्व्हच्या पलीकडे असतात, तिथे नुसतं पेडल दाबून ऑइल फिरत नाही. असं पेडल घेऊन गाडी रस्त्यावर काढू नका, अगदी कोपऱ्यापर्यंतसुद्धा नाही.

पुढच्या रविवारी एबीएसचे व्हॉल्व्ह चालवू शकणारा स्कॅनर मागून आणला. साधा, फक्त बिघाडाचे कोड वाचणारा, इथे कामाचा नाही. टाकी काठोकाठ भरली, डॉट ४ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा नवा सीलबंद डबा फोडून. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं असताना निदान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ही हमी १५५ वर येते. म्हणून उघडा पडलेला अर्धा डबा मी वापरत नाही.

स्कॅनरने हुकूम दिला, युनिट गुरगुरलं, पेडल लेकीच्या पायाखाली थरथरलं. परत चारही चाकं घेतली. मागच्या डाव्या चाकातून आधी फेस आला, मग एक मोठा बुडबुडा, मग नुसतं ऑइल.

"बाबा, आता खाली जातच नाहीये."


रंगावर सांडलेले दोन थेंब लगेच भरपूर पाण्याने धुतले आणि चारही निपलांवर रबरी टोप्या बसवल्या.