थिनर उतरवणं: मल्टिमीटर अखेर वाजला

मंडळी, वाजला एकदाचा! डब्यापासून नरसाळ्यापर्यंत विजेची अखंड जोडणी मिळाली (ती मिळाली की मल्टिमीटर वाजतो) आणि एनसी थिनरचा, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंग पातळ करायच्या द्रावणाचा, पाच लिटरचा डबा न सांडता पाव लिटरच्या बाटल्यांत उतरला. पीजेच्या, म्हणजे पाचोरा–जामनेर रेल्वेच्या, माझ्या मॉडेल बोग्यांचं रंगकाम त्यापायीच अडून बसलं होतं.

मॉडेल १:८७ प्रमाणाचं आहे. पाचोरा–जामनेर लाइनीचा ७६२ मिमीचा नॅरोगेज या प्रमाणात ८.७६ मिमी येतो, म्हणून खाली एन गेजचा ९ मिमी रूळ. एवढ्याशा बोगीवर रंग जरा जाड बसला की दाराच्या कडा बुजतात. त्यासाठी थिनर दर वेळी सारखंच हवं, आणि मोठा डबा नेमकं तेच होऊ देत नाही. एनसी थिनर हे लवकर उडणाऱ्या आणि सावकाश उडणाऱ्या द्रावणांचं मिश्रण. झाकण उघडलं की हलका भाग आधी जातो. डबा जितका रिकामा तितकी आत वाफेला जागा जास्त. त्यातल्या अ‍ॅसिटोनचा बाष्पदाब २० अंशांपेक्षा ४० अंशांवर दुपटीहून जास्त असतो, आणि भुसावळचा मे महिना ४० वर थांबत नाही. महिनाभर त्याच डब्यातून घेत राहिलं तर शेवटी उरतं ते वेगळंच थिनर. रंग ओला राहतो, ओघळतो. म्हणून डबा एकदाच उघडायचा, सगळा लहान बाटल्यांत भरायचा आणि एका वेळी एकच बाटली वापरात घ्यायची.

गटगट करत उडणाऱ्या धारेचा प्रश्न लवकर सुटला. चौकोनी डब्याचं तोंड एका कडेला असतं. ती कडा खाली ठेवून ओतलं की आत हवा शिरायला वाट राहत नाही आणि डबा उचक्या देतो. तोंडाची कडा वर ठेवून ओता, धार एकसंध पडते. रॉकेल काढायचा प्लास्टिकचा पंप मात्र इथे नको. थिनरने त्याची नळी कडक होते, शिवाय पुढचा प्रश्न आणखी वाढतो.

तो प्रश्न म्हणजे स्थिर वीज, आणि त्यानेच मला खरं छळलं. थिनरमधलं टोल्युईन विजेचं वाहक नाही. ते वाहताना भार साठतो, प्लास्टिकच्या नरसाळ्यातून तो उतरत नाही, आणि आपली उन्हाळी कोरडी हवा त्यात भर घालते. टोल्युईनचा ज्वलनबिंदू (ज्या तापमानापासून वाफ ठिणगीने पेटू शकते) सुमारे ४ अंश, अ‍ॅसिटोनचा उणे २०. म्हणजे आपल्याकडे वर्षभर, ऐन थंडीतसुद्धा, बाटलीच्या तोंडाशी पेटू शकेल अशी वाफ असतेच. म्हणून स्टीलचं लांब दांड्याचं नरसाळं घ्यायचं, दांडा बाटलीच्या तळाजवळ टेकवायचा, नरसाळं आणि डबा तारेने जोडायचे, आणि डब्यापासून दुसरी तार घराच्या अर्थिंगला न्यायची. कागदावर सोपं.

डबा सीलबंद असतानाच मल्टिमीटर लावला. चिमटा कडीला: आवाज नाही. काठाला: नाही. डब्यावरचा छापील रंग आणि त्यावरचं व्हार्निश इतकं चिवट की चिमट्याचे दात पत्र्यापर्यंत पोचतच नाहीत. तांब्याची चिकटपट्टी लावली, तर तिचा डिंकच वीजरोधक निघाला. विकणाऱ्याने वेष्टनावर तसं छापायला हवं होतं. चुंबकही लावून पाहिला. धरतो घट्ट, पण मधे रंग आहेच. शेवटी सील न उघडता खालच्या दुमडीवर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने नखाएवढी जागा चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासली आणि तिथे लहान सी-क्लॅम्प आवळला. रोध एक ओहमच्या आत! त्या आवाजाने झालेला आनंद पहिली बोगी रुळावर धावली तेव्हाच्या आनंदाएवढाच होता. घासकाम डबा उघडण्याआधीच करायचं. तारा उघडण्याआधी लावायच्या आणि सगळी झाकणं बसल्यावर काढायच्या. तार लवचीक आणि लांब हवी, नाहीतर डबा कलता करताना क्लॅम्प निसटतो.

जागा म्हणून मी गच्ची सोडली आणि ओटा घेतला. अ‍ॅसिटोनची वाफ हवेच्या दुप्पट जड, टोल्युईनची तिप्पट. गच्चीच्या कठड्याआड ती साचून राहते. ओटा तीन बाजूंनी मोकळा आहे. वेळ पहाटेची, झळा सुरू होण्याआधी आणि आईने देवापुढे दिवा लावण्याआधी. कूलर आणि पाण्याची मोटर बंद, डासांची अगरबत्ती विझवलेली. नाकावर ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजचा मास्क. कापडी मास्क वाफ अडवत नाही. नायट्रिलच्या हातमोज्यांतून अ‍ॅसिटोन काही मिनिटांत पार होतं, म्हणून शिंतोडा उडाला की लगेच जोडी बदलायची.

बाटल्या काचेच्या, टेफ्लॉनचं अस्तर असलेल्या झाकणांच्या. एचडीपीई प्लास्टिकच्या बाटल्यांतून टोल्युईन झिरपतं आणि बाटली आत ओढली जाते. फवारणीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या आपल्याकडे बांधाबांधावर मिळतात, पण त्यांना हात लावू नका. आणि पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत थिनर कधीही, तासाभरासाठीही नाही. घरात लहान मुलं असतात, पाहुणे असतात. वर आठवा भाग रिकामा सोडला आहे, उन्हात द्रव फुगतो. मार्करचं नाव थिनरने पुसलं जातं, म्हणून कागदावर पेन्सिलने नाव आणि तारीख लिहून वर पारदर्शक टेप लावली. सुटं थिनर विकणाऱ्यांकडून मी आता घेत नाही. दर खेपेला वास वेगळा, म्हणजे मिश्रणही वेगळं.

खरं तर पुढच्या बोगीला मिस्ट कोट (रंगाचा अगदी पातळ फवारा) मारून मग लिहिणार होतो, पण हे लिहिता लिहिताच सुचलं: काचेऐवजी नव्या, आतून कोटिंग नसलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या बाटल्या घेतल्या तर? चिमटा थेट बाटलीला लागेल, डबा, नरसाळं, बाटली सगळं एकाच जोडणीत येईल, आणि हातातून निसटली तरी फुटायची भीती नाही. क्लोरीन असलेली द्रावणं अ‍ॅल्युमिनियममध्ये चालत नाहीत, पण तशी मी वापरतच नाही. बोगी थांबेल थोडी. आधी या बाटल्या मागवतो. आतून कोटिंग नसलेल्या कुठे मिळतात हे कुणाला ठाऊक असेल तर कळवा.