मूळ चेक कुणाकडे असतो? माझे पाच आठवडे

माझ्या खात्यातून ४८,००० रुपयांचा एक चेक वटला. तो मी लिहिलेला नव्हता. चेकबुकाच्या मागच्या बाजूचं एक पान कुणीतरी फाडून नेलं होतं, हे पासबुक भरून आणल्यावर कळलं. बँकेत लेखी तक्रार देणं आणि उरलेले चेक थांबवणं एका सकाळी उरकलं. पोलीस ठाण्यात आधी ‘चेक बाउन्स आहे का?’ असं विचारलं, पण गुन्हा नोंदवून घेतला. अर्जाच्या पहिल्याच ओळीत ‘खोटी सही करून चेक वटवला’ असं स्पष्ट लिहा, म्हणजे चेक बाउन्सच्या कलम १३८ शी (परक्राम्य संलेख कायदा) गल्लत होत नाही.

मग तपास अधिकारी म्हणाले, मूळ चेक लागेल.

इथे माझे पाच आठवडे गेले. माझ्या बँकेने चेकचा छापील फोटो हातात ठेवला आणि सांगितलं, आमच्याकडे एवढंच येतं. ते खरंच होतं. सीटीएस, म्हणजे चेक वटवण्याच्या आताच्या पद्धतीत, कागद फिरत नाही, फक्त त्याची प्रतिमा फिरते. कागद ज्या बँकेत भरला तिथेच राहतो आणि तिने तो दहा वर्षं जपायचा असतो. त्या दुसऱ्या बँकेत गेलो, तर ‘तुम्ही आमचे खातेदार नाही.’ ठाण्यात परत आलो, तर ‘फोटोवरून हस्ताक्षर तज्ज्ञ मत देणार नाहीत.’ तेही पटलं. पेनाचा दाब, हात कुठे थांबला, शाई, हे फोटोत उतरत नाही. तिघांचंही बरोबर, आणि चकरा मात्र मी मारतोय! चौथ्या खेपेला माझा आवाज चढला, त्याचा उपयोग शून्य झाला.

उपयोग झाला तो एका कागदाचा. ‘मूळ चेक अमुक बँकेच्या अमुक शाखेत आहे, तो आपण पत्र देऊन ताब्यात घ्यावा’ असा अर्ज मी तपास अधिकाऱ्यांना दिला आणि पोच घेतली. आठवड्याच्या आत चेक जप्त झाला. हा अर्ज पहिल्याच दिवशी द्या. मला कुणी सांगितलं नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय.

ज्याच्या खात्यात पैसे गेले तो जबाबात म्हणाला, सही मी केली नाही, मला चेक कुणीतरी दिला. एवढ्याने सुटका होत नाही. खोटा दस्तऐवज खोटा आहे हे माहीत असून, किंवा तसं मानायला कारण असून, खरा म्हणून वापरणं हाही वेगळा गुन्हा आहे: भारतीय न्याय संहितेचं कलम ३४०, आणि १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनेला जुन्या भारतीय दंड संहितेचं ४७१. शिक्षा बनावट करणाऱ्याइतकीच. त्याला ते माहीत होतं, किंवा तसं मानायला कारण होतं, हे मात्र सिद्ध करावं लागतं.

नमुना सह्या देताना नेहमीसारखीच सही करा. त्याच काळातले स्वतःचे जुने वटलेले चेक, अर्ज शोधून ठेवा, तज्ज्ञांना तेही लागतात.

बँक आधी ‘पासबुक वेळेवर का पाहिलं नाही’ म्हणत होती. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये कॅनरा बँकेच्या खटल्यात हा बचाव फेटाळला आहे: खोट्या सहीचा चेक म्हणजे खातेदाराचा आदेशच नव्हे. हे पत्रात लिहिलं, आणि हस्ताक्षर तज्ज्ञांचा अहवाल आल्यावर पैसे जमा झाले. खटला अजून उभा राहायचाय. साक्षीला बोलावतील तेव्हा मी जाणार आहे.