अखेर तो एचच निघाला

सुटलं! मागच्या नोंदीत ज्या टेबलस्पूनपाशी गाडं अडलं होतं, त्याचं डेट लेटर, म्हणजे चांदीवर वर्ष दाखवणारं छापाचं अक्षर, वाचता आलं. स्मॉल एच, लंडन, १७४३-४४. निर्माता अजून हुलकावणी देतोय, त्याच्याकडे नंतर येते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: इंग्लंडमधल्या आमच्या गावच्या छोट्या संग्रहालयात मी स्वयंसेवक म्हणून चांदीच्या खणाची नोंदणी करते. या चमच्याच्या जुन्या कार्डावर ‘चांदीचा चमचा, दुसरा जॉर्ज?’ एवढंच, म्हणजे त्या राजाच्या काळचा असावा असा अंदाज, टाइप केलेलं आहे. चमचा हॅनोव्हेरियन घाटाचा आहे. दांड्याचं टोक वर वळलेलं, त्यावर मधोमध कणा, वाटीच्या पाठीला, दांड्याच्या जोडापाशी, साधा ड्रॉप म्हणजे थेंबासारखा उठाव. दांड्याच्या पाठीवर मालकांची आद्याक्षरं त्रिकोणात कोरलेली, वर आडनावाचं आणि खाली नवरा-बायकोच्या नावांची. तेव्हा टेबलावर चमचे पालथे मांडत, म्हणून अक्षरं पाठीवर.

छाप चारही आहेत (शुद्धतेचा सिंह, लंडनचा बिबट्या, डेट लेटर आणि निर्मात्याचा), पण सगळे दांड्याच्या खालच्या निमुळत्या भागात, वाटीला लागून. असे ‘बॉटम मार्क्ड’ चमचे ज्यांनी हाताळलेत त्यांना यातला त्रास सांगायला नको. अ‍ॅसे ऑफिसातून (चांदी तपासणाऱ्या कचेरीतून) छाप मारून आलेला चमचा कारागीर पुन्हा ठोकून सारखा करायचा आणि त्यात छाप चेपले जायचे. वर अडीचशेहून जास्त वर्षांची घासपूस. चालता सिंह स्पष्ट होता, बिबट्याचं तोंड मुकुटासकट ओळखू येत होतं. डेट लेटरच्या जागी मात्र डावीकडे एक उंच उभी रेघ होती आणि बाकी सगळं सपाट.

उंच रेघ डावीकडे, म्हणजे बी, एच किंवा के. एलही धरला होता, पण रेघेच्या उजवीकडे चौकटीत बरीच जागा शिल्लक होती. आता लंडनचं वीस अक्षरांचं चक्र मांडा: दर वर्षी पुढचं अक्षर, वीस वर्षांनी लिपी बदलून पुन्हा ए. स्मॉल रोमन लिपी १७३६, १७७६ आणि १८१६ अशा तिन्ही चक्रांत येते. म्हणजे बी असेल तर १७३७, १७७७ किंवा १८१७. एच असेल तर १७४३, १७८३ किंवा १८२३. के असेल तर १७४५, १७८५ किंवा १८२५. एका झिजलेल्या अक्षरापायी नऊ वर्षं!

१८१६ च्या चक्रातली तिन्ही वर्षं आधीच गळली, कारण राजाच्या मुंडक्याचा ड्यूटी मार्क, म्हणजे कर भरल्याचा छाप, नाही. तो १ डिसेंबर १७८४ पासून सुरू झाला, त्यामुळे १७८५ चा के सुद्धा बाद. पण १७८३ च्या एचला ड्यूटी मार्कचा निकष लागूच होत नाही, आणि मला सर्वांत जास्त छळलं ते यानेच. १७४३ आणि १७८३, दोन्हीकडे मुकुटवाला बिबट्या, दोन्हीकडे सिंह, दोन्हीकडे स्मॉल एच. फरक पडतो तो छापांच्या जागेने. साधारण १७८१ पासून छाप दांड्याच्या वरच्या टोकाकडे सरकले आणि आपला चमचा तर खाली छापलेला. शिवाय तोवर हॅनोव्हेरियन मागे पडून ओल्ड इंग्लिश घाट (टोक खाली वळलेला) रुळला होता. या दोन्ही गोष्टी एकत्र धरल्यावर १७८३ ला काट मारायला माझी हरकत नव्हती.

उरली चार वर्षं: १७३७, १७४३, १७४५ आणि १७७७.

इथे निर्मात्याच्या छापाने अर्धा हात दिला. दोन अक्षरांपैकी दुसरं पार चेपलंय, पण पहिल्याचं वरचं वळण शाबूत आहे आणि ते स्क्रिप्ट लिपीतलं आहे. १७३९ च्या कायद्याने सगळ्या कारागिरांना जुने पंच (छाप मारायचे ठसे) मोडून नवे नोंदवायला लावले, तेही आधीपेक्षा वेगळ्या लिपीत. रोमन अक्षरं वापरणारे कितीतरी जण तेव्हा स्क्रिप्टकडे वळले. हा पक्का पुरावा नव्हे, पण १७३७ चं पारडं बरंच हलकं झालं.

आणि मग तो मंगळवार. क्युरेटर बाईंनी पहिल्यापासून बजावलं होतं की साफसफाई अजिबात नाही, आणि त्या किती बरोबर होत्या! नायट्राइलचे हातमोजे घालून चमचा फोमवर ठेवला, खोलीतले दिवे घालवले आणि टॉर्च जवळजवळ आडवी धरून हळूहळू फिरवत राहिले. एका कोनात अक्षराच्या तळाशी दोन बारीक पांढरे ठिपके उजळले. लूपखाली (डोळ्याला लावायच्या भिंगाखाली) पाहिलं तर ती वाळलेली जुनी पॉलिश पावडर, खाचेच्या कोपऱ्यांत अडकून बसलेली. एक ठिपका उभ्या रेघेच्या पायाशी, दुसरा उजवीकडे, त्याच पातळीवर. मध्ये जागा मोकळी. बीचा तळ बंद असतो, तिथे अशी फट राहत नाही. केचा पाय तिरका जातो, आणि इथे उजव्या ठिपक्यावर बारीकशी उभी कड दिसत होती. दोन सुटे, सरळ पाय म्हणजे एच, आणि उरलेल्या चार वर्षांत एच फक्त १७४३ चा. क्युरेटर बाईंना हाक मारली, त्यांनीही लूप लावून तेच वाचलं.

ती पावडर नसती तर हे कधीच कळलं नसतं. म्हणून पुन्हा सांगते, बाजारात मिळणारी ती ‘बुडवा आणि काढा’ द्रावणं जुन्या चांदीच्या जवळपासही आणू नका. छापाच्या खाचेतला काळपटपणा आणि साठलेली पावडर हाच आपला कागद असतो, द्रावण तो धुऊन टाकतं आणि पृष्ठभाग निस्तेज करतं. लूपचंही तेच: ‘तीस पट’ लिहिलेल्या स्वस्त भिंगांना भुलू नका, दहा पटींचा चांगला ट्रिप्लेट (तीन काचा जोडलेलं भिंग) पुरतो. टॉर्च मात्र अरुंद झोताचीच घ्या.

त्याच खणातला एक छोटा आनंद: साखरेचा चिमटा. चिमट्यावर बहुधा डेट लेटर नसतंच, यावरही नाही. पण राजाचं मुंडकं आहे आणि ते उठावाचं नसून आत खोदलेलं, इनक्यूज! तसा पंच १७८४ च्या डिसेंबरपासून १७८६ च्या मेपर्यंतच वापरात होता. औंसामागे सहा पेनी कर भरल्याची ही खूण, आणि तिच्यामुळे तारखेचं अक्षर नसलेली वस्तू दीड वर्षाच्या पट्ट्यात येऊन बसली. कार्डावर ते लिहिताना फार बरं वाटलं.

आता निर्माता. दुसरं अक्षर वाचलं तरी पुढे खड्डा आहेच. गोल्डस्मिथ्स कंपनीच्या (लंडनच्या सोनार-चांदीकारांच्या संघाच्या) नोंदवह्यांपैकी १७३९ ते १७५८ ची स्मॉलवर्कर्सची, म्हणजे छोट्या वस्तू घडवणाऱ्यांची, वही हरवलेली आहे. आपला कारागीर तिच्यात असेल तर नाव सापडायची आशा कमी. लार्जवर्कर्सच्या, म्हणजे मोठ्या वस्तू घडवणाऱ्यांच्या, वहीत असेल तर वाट आहे.

पुढच्या महिन्यात लंडनच्या व्ही अँड ए (व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट) संग्रहालयात जायचं ठरवलं होतं. पॉल द लामेरी या नामवंत चांदीकाराचा न्यूडिगेट सेंटरपीस (टेबलाच्या मधोमध मांडायची चांदीची मोठी वस्तू) तिथे आहे, तोही १७४३-४४ चा, म्हणजे त्याच वर्षाचा एच. पण हे लिहितानाच लक्षात येतंय की त्याचा उपयोग होणार नाही. मोठ्या वस्तूंना मोठे पंच, चमच्या-काट्यांना छोटे, त्यामुळे अक्षराची ठेवण आणि चौकट जुळवायला तो कामाचा नाही. मला त्याच वर्षाचा चमचा किंवा काटा हवा. सेंटरपीस डोळे भरून बघायला जाईनच, पण तो वेगळा दिवस.

त्याऐवजी आधी आरटीआय करते, म्हणजे रिफ्लेक्टन्स ट्रान्स्फॉर्मेशन इमेजिंग, फोटो काढायची एक पद्धत. कॅमेरा स्टँडवर स्थिर, चमच्याशेजारी काळा चकचकीत गोळा, आणि दिवा दर फोटोला नव्या कोनातून. सगळे फोटो एकत्र केले की स्क्रीनवर उजेड हवा तसा फिरवता येतो. एच जर तिरप्या उजेडात दिसला, तर चेपलेलं दुसरं अक्षरही दिसायला हवं. परवानगीचा अर्ज आजच देते.

तोवर एक विनंती. कुणाकडे १७४३-४४ च्या बॉटम मार्क्ड टेबलस्पूनचे स्पष्ट फोटो असतील तर टाका, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. चेपलेले छाप असले तरी चालतील, उलट तेच जास्त हवेत.