मेम्फिसमध्ये रिब्स कुठे खायच्या, आणि सोबत शाकाहारी माणूस असेल तर काय करायचं

ऑफिसमधले काही जण अमेरिकेत मेम्फिसला चाललेत आणि प्रत्येकजण मला वेगळं पिंग करून तेच विचारतोय, की बाबा तिकडे बार्बेक्यू कुठे खायचं, बेस्ट कुठलं. दरवेळी टाइप करत बसण्यापेक्षा इथेच एकदा लिहून टाकतो, लिंक फेकता येईल. ज्यांना कुठेच जायचं नाहीये त्यांनी पण वाचा, खाली पुण्यात गच्चीवर काय जमलं तेपण लिहिलंय.

आधी एक क्लिअर करतो. आपल्याकडे टेबलाच्या मधोमध शेगडी, सळयांवर पनीर आणि अननस, आणि स्टार्टरमध्येच पोट इतकं भरतं की मेन कोर्सकडे बघवत नाही, तसलं तिकडे काही नसतं. तिकडे मांसाचा अख्खा मोठा तुकडा, मेम्फिसमध्ये म्हणजे बहुतेक वेळा डुकराचा खांदा नाहीतर बरगड्या (याच रिब्स), झाकणबंद भट्टीत कोळसा आणि हिकरीच्या लाकडाच्या मंद धगीवर ठेवून द्यायचा आणि विसरून जायचं. टेंपरेचर साधारण २२५ फॅरनहाइट, म्हणजे आपल्या हिशोबात १०७ सेल्सियस, थोडं इकडेतिकडे. खांद्याला १०-१२ तास सहज लागतात. कारण खांदा म्हणजे प्राण्याचा दिवसभर राबणारा भाग, त्यात चिवट कॉलेजन भरपूर, ते हळूहळू विरघळून जिलेटिन होतं तेव्हाच मांस काट्याने ओढलं की रेषारेषांनी सुटतं. घाई केली तर मांस शिजतं पण चिवटच राहतं.

यातली मला सगळ्यात आवडलेली भानगड म्हणजे मधेच टेंपरेचर अडकतं. आतलं तापमान चढत चढत ६५-७० सेल्सियसपर्यंत येतं आणि मग कित्येक तास हलतच नाही, खाली कितीही कोळसा घाला. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं थर्मामीटर बिघडला. पण होतं असं की मांसाच्या पृष्ठभागावरून पाणी उडत असतं आणि ते उडताना उष्णता घेऊन जातं, माठातलं पाणी गार राहतं ना, तेच. बाहेरचा भाग सुकला की गाडी परत पुढे सरकते. ज्यांना धीर नसतो ते या टप्प्यावर मांस फॉइलमध्ये गुंडाळतात, वाफ कोंडली की काम लवकर होतं, पण मग वरचं काळपट खरपूस कवच जरा मऊ पडतं. ते कवच हीच खरी मजा आहे असं माझं मत.

अमेरिकेच्या दक्षिणेत प्रत्येक भागाचं वेगळं चालतं आणि यावरून लोक खरोखर भांडतात. टेक्सासवाले बीफ ब्रिस्केटवाले (म्हणजे छातीचा तुकडा), नॉर्थ कॅरोलायनात पातळ आंबट व्हिनेगरचा सॉस, साउथ कॅरोलायनाच्या काही भागात मोहरीचा पिवळा, अलाबामाच्या उत्तरेला तर मेयोनीज घातलेला पांढरा सॉस कोंबडीवर ओततात. मेम्फिस हे डुकराचं शहर. रिब्स दोन प्रकारे मिळतात, ड्राय म्हणजे वरून फक्त मसाला, आणि वेट म्हणजे सॉस चोपडलेल्या. आणि मऊ बनमध्ये ओढलेलं किंवा चिरलेलं पोर्क, आणि त्या पोर्कच्या वरच, बनच्या आतच, स्लॉ, म्हणजे बारीक चिरलेल्या कोबीचं सॅलड. बाजूला वाटीत नाही. हे लक्षात ठेवा, नाहीतर स्लॉ वेगळा मागाल आणि काउंटरवरची बाई तुमच्याकडे बघत राहील.

मी गेलो होतो तेव्हा आमचं काम क्लायंटकडे होतं, हॉटेल डाउनटाउनमध्ये, आणि सोबत कोथरूडचा एक टीममेट जो अंडं खातो पण त्याच्यापुढे काही नाही. त्याला मी या पोस्टमध्ये आमचा शाकाहारी म्हणणार आहे, त्याची परवानगी आहे.

आता बेस्ट कुठलं. मी हे ज्याला ज्याला विचारलं, क्लायंटकडचे लोक, हॉटेलचा रिसेप्शनवाला, उबरवाले, त्यातल्या कोणीच सरळ एक नाव सांगितलं नाही. सगळे उलट विचारायचे, खायचंय काय? एका वयस्कर उबरवाल्या काकांनी तर सिग्नलवर गाडी थांबल्यावर मागे वळून आमचा क्लासच घेतला, की रिब्स एकीकडे खा, सँडविच दुसरीकडे, कोंबडी तिसरीकडे, आणि जो माणूस सगळं एकाच ठिकाणी बेस्ट मिळतं म्हणेल त्याने इथे नवीन घर घेतलेलं असणार. मला हे एकदम पटलं. तर खाली एक-दोन-तीन नंबर लावलेली लिस्ट नाहीये, जिथे जे खायचं तिथे ते सांगतोय.

ड्राय रिब्ससाठी रॉन्देव्हू. चार्ली व्हर्गोस नावाच्या ग्रीक कुटुंबातल्या माणसाने १९४८ मध्ये सुरू केलेलं, डाउनटाउनमध्ये एका बोळात शिरायचं आणि पायऱ्या उतरून तळघरात जायचं. त्या तळघरात वरून कोळसा टाकायची जुनी शूट (घसरणीसारखी नळी) सापडली, तिचा धुराड्यासारखा उपयोग होईल हे त्याच्या लक्षात आलं आणि तिथून हे सगळं चालू झालं. गंमत म्हणजे इथल्या रिब्स मी वर सांगितलं तशा तासनतास मंद धुरात नसतात, कोळशाच्या थेट आचेवर भाजतात, त्यामानाने लवकर, मग व्हिनेगरचं पाणी मारतात आणि वरून मसाला. त्यामुळे कट्टर लोक नाकं मुरडतात की हे बार्बेक्यूच नाही. मुरडू देत. पेपरिका, मिरी, लसूण, ओरेगानो असलं काहीतरी चवीला लागतं, हाडाला दाताने ओढून खायचं, आणि आपल्या जिभेला हे लगेच आवडतं कारण मसाला समोर असतो, गोड सॉसमागे लपत नाही. टुरिस्ट खूप असतात हे खरं, तरी जा. समोरच पीबॉडी हॉटेल आहे, तिथे सकाळी ११ आणि संध्याकाळी ५ वाजता बदकं लिफ्टमधून खाली येऊन लाल गालिच्यावरून कारंज्यापर्यंत चालत जातात (संध्याकाळी उलट). मी पाच वाजताची बघितली, मोठमोठे लोक फोन वर करून उभे होते, मीपण.

सँडविचसाठी पेन्स. लामार अव्हेन्यूवर, १९७२ पासून, जुन्या गॅरेजच्या जागेत, बाहेरून बघाल तर वाटेल बंद पडलंय. काउंटरला ऑर्डर द्या, मग आतून सुरीचा खटखट आवाज येतो, पोर्क तिथल्या तिथे चिरतात, मऊ आतलं आणि करपट बाहेरचं एकत्र, आणि वर मोहरीचा पिवळाधमक स्लॉ. सॉस हॉट सांगा, माइल्ड सांगू नका, आपण मिसळ खाणारी माणसं आहोत. सगळं अंगावर सांडतं, ऑफिसचा शर्ट घालून जाऊ नका. पूर्ण ट्रिपमध्ये एकच गोष्ट परत खायला मिळेल असं कोणी म्हणालं तर मी हे सँडविच घेईन, रिब्स नाही.

कोंबडीसाठी कोझी कॉर्नर. १९७७ पासून रॉबिन्सन कुटुंबाचं. इथली फेमस गोष्ट कॉर्निश हेन, म्हणजे छोटी कोंबडी, अख्खी एकट्याने खायची, कातडी धुराने तांबूस झालेली आणि हाडापर्यंत चव गेलेली. जे पोर्क खात नाहीत त्यांनी सरळ इथे जावं, तडजोड केल्यासारखं अजिबात वाटणार नाही.

आणि बार-बी-क्यू शॉप नावाच्याच ठिकाणी बार्बेक्यू स्पॅगेटी. हो, स्पॅगेटी. मेम्फिसचा स्वतःचा आविष्कार, मऊ शिजवलेल्या शेवया, आंबटगोड बार्बेक्यू सॉस आणि त्यात पोर्कचे तुकडे. मला ठीक वाटलं, एकदा खायचं म्हणून खा. आमचा शाकाहारी मात्र मेन्यूत स्पॅगेटी दिसल्यावर इतका खूश झाला होता, बिचारा.

तर शाकाहारी लोकांसाठी थोडं नीट सांगतो, कारण हे कुठे लिहिलेलं नसतं. दक्षिणेत भाजी म्हणजे भाजी नसते. पालेभाजी म्हणून येते ती कॉलर्ड ग्रीन्स, ती बऱ्याचदा डुकराचं हाड घालूनच शिजवतात. बेक्ड बीन्समध्ये पोर्क असतं. फ्राइज कुठल्या तेलात तळल्या विचारावं लागतं, कॉर्नब्रेडमध्ये चरबी आहे का तेपण. अंडं चालत असेल तर स्लॉ, पोटॅटो सॅलड, मॅक अँड चीज हे बऱ्यापैकी सेफ, तरी प्रत्येक ठिकाणी विचाराच, आणि शेवटी बनाना पुडिंग, ज्यात केळं, कस्टर्ड आणि बिस्किटं असतात आणि ज्यावर आमच्या शाकाहाऱ्याने संपूर्ण ट्रिप काढली. त्याला खरं जेवण मिळालं ते सेंट्रल बार्बेक्यूमध्ये, पोर्टोबेलो मशरूमचं सँडविच. २००२ पासूनचं, बाकीच्यांपेक्षा नवीन, जरा पॉलिश्ड, पण ग्रुपमध्ये सगळ्या प्रकारची माणसं असतील तर इथे न्या, आणि तुम्ही स्वतः वेट रिब्स घ्या. स्वीट टी सगळीकडे मिळतो, इतका गोड की आपल्या अमृततुल्यवाल्याने पण हात आखडता घेतला असता. अनस्वीट मागा.

सेंट्रलच्या डाउनटाउनच्या शाखेपासून चालत जवळ लॉरेन मोटेल आहे. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांना तिथल्या ३०६ नंबरच्या खोलीबाहेरच्या बाल्कनीत गोळी लागली. १९९१ पासून तिथे नॅशनल सिव्हिल राइट्स म्युझियम आहे. किंग मेम्फिसला आले होते ते शहरातल्या सफाई कामगारांच्या संपासाठी. त्या फेब्रुवारीत दोन कामगार कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले, त्यानंतर हा संप झाला, आणि कामगार गळ्यात पाट्या अडकवून चालत होते, मी माणूस आहे, एवढंच लिहिलेलं. आत ठेवलेल्या तशाच एका कचऱ्याच्या गाडीसमोर आणि त्या पाट्यांसमोर आम्ही दोघं बराच वेळ उभे होतो. जेवणाच्या आधी जा, आणि निदान अर्धा दिवस हाताशी ठेवा. आणि हे बार्बेक्यूपासून वेगळं आहे असंही नाही. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेत रात्रभर भट्टीपाशी जागणारे बहुतेक कृष्णवर्णीय गुलामच असायचे, कला त्यांच्या हातात होती, नाव दुसऱ्यांचं झालं. पेन्स आणि कोझी कॉर्नर ही दोन्ही कृष्णवर्णीय कुटुंबांची ठिकाणं आहेत, मी तिथे जा म्हणतोय ते चवीसाठीच म्हणतोय, पण हे माहीत असलेलं बरं.

घरी आईला व्हिडिओ कॉलवर रिब्स दाखवल्या तर म्हणाली, "बरगडीला काय मांस असतं मेलं, त्यापेक्षा नळी खा." आमच्याकडे पोर्क कधीच आलेलं नाही, त्यामुळे पुण्यात परत आल्यावर करायचं म्हटलं तर घर नाही, मित्राच्या सोसायटीची गच्ची.

पोर्कचा खांदा कॅम्पात शिवाजी मार्केटमध्ये मिळतो, हाडासकट आणि चरबीचा थर ठेवून मागायचा, नाहीतर भाजीला लागतात तसे तुकडे करून देतात. मसाल्याला पेपरिकाऐवजी काश्मिरी मिरची, ब्राउन शुगरऐवजी गुळाची पावडर, मीठ, मिरी, लसूण पावडर, कांदा पावडर, थोडी मोहरीची पूड. आदल्या रात्री चोळून फ्रिजमध्ये. हिकरी आपल्याकडे कुठली मिळणार, पण वखारीत आंब्याचं लाकूड मिळतं आणि त्याचा धूर सौम्य, गोडसर येतो. बाभूळ वापरून बघितली, धूर फार उग्र, मांस कडवट लागलं. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं. आणि धूर पातळ निळसर हवा, दाट पांढरा यायला लागला म्हणजे हवा कमी पडतेय, झाकणाची भोकं उघडा. झाकणाच्या केटल ग्रिलमध्ये कोळसा एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, मधे पाण्याचा ट्रे. काटा खुपसायचा डिजिटल थर्मामीटर घ्याच, अंदाजपंचे होत नाही हे. आत ९३-९५ सेल्सियस झालं की काढायचं आणि फॉइल, वर टॉवेल असं गुंडाळून तासभर तसंच ठेवायचं, लगेच ओढायला घेतलं तर सगळा रस ताटात.

सोसायटीच्या ग्रुपवर दहाच्या आत मेसेज आला, गच्चीवर कोण काय जाळतंय. चेअरमनकाका स्वतः वर आले, वास घेतला, काय आहे विचारलं, सांगितल्यावर दोन पावलं मागे गेले आणि म्हणाले, चिकन करत असाल तेव्हा आधी सांगा. तर पुढच्या वेळी त्यांच्यासाठी कोझी कॉर्नर स्टाइल छोटी कोंबडी लावायची असं ठरलंय. आमच्या शाकाहाऱ्यासाठी कणसं आणि अख्खे बटाटे मांसाच्या आधी, वेगळ्या जाळीवर धुरात ठेवले होते, बटाटे सोलून मोहरी-मेयोनीजमध्ये कालवले तर पोर्कवाल्यांनीच संपवले, त्यामुळे दुप्पट लावा.

बन कुठलेही चालतील, मऊ हवेत. स्लॉ बनच्या आत. आणि शिवाजी मार्केटला सकाळी लवकर जा, उशिरा गेलात तर खांदा मिळत नाही, पायावर समाधान मानावं लागतं आणि तो याच पद्धतीने केला तर कोरडा पडतो.