लाल-निळ्या रेघा

मी गेली चौदा वर्षं लायब्ररीत काम करते, पुढाऱ्यांच्या घरून देणगीत आलेली पुस्तकं बरीच हाताळलीत. पुस्तक हातात आलं की आधी त्याची पाठ बघते, मग वरच्या कडेवरची धूळ. एका मोठ्या नेत्याच्या घरचे सोनेरी अक्षरांचे सेट उघडले तर बांधणी कडकड वाजली, पानं एकमेकांना चिकटलेली, कोणी कधी उघडलेच नव्हते, फार वाईट वाटलं होतं.

म्हणून फोर्टला सिद्धार्थ कॉलेजच्या लायब्ररीत बाबासाहेबांची पुस्तकं बघायला मिळाली त्या दिवशी मी हात दोनदा धुऊन बसले. समोर ठेवलं जॉन ड्युईचं 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन', १९१६ सालचं. ड्युई म्हणजे अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठातले बाबासाहेबांचे प्रोफेसर. ओळींखाली लाल आणि निळ्या पेन्सिलीच्या रेघा, समासातही उभ्या रेघा, आणि काही ठिकाणी जोर इतका की पान उलटून मागून हळूच बोट फिरवलं तर रेघ हाताला लागते. माझ्या तर अंगावर काटा आला. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळानं सभाच रद्द केली म्हणून जे भाषण बाबासाहेबांनी स्वतः छापलं, त्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात ते याच ड्युईंचा दाखला देतात, माझे गुरू, त्यांचं माझ्यावर फार ऋण आहे असं म्हणून. म्हणजे ते वाचन वीस वर्षं त्यांच्यासोबत चालत होतं.

आणि यात एक गोष्ट सारखी आठवत राहिली. १९१७ ला ते लंडनहून परत आले तेव्हा सामान वेगळ्या बोटीनं पाठवलं होतं, ती बोट युद्धात टॉर्पेडोनं बुडाली, पुस्तकं गेली. ज्याची अशी पुस्तकं समुद्रात गेली त्या माणसानं पुढं दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा हवी म्हणून, हे मला त्या दिवशी आतून कळलं. माझ्या मते त्यांचं खरं चरित्र त्या समासात आहे.

आमच्याकडे देणगीतल्या पुस्तकांवरच्या पेन्सिलीच्या खुणा खोडरबरनं पुसून मगच शिक्का मारायची पद्धत होती, मीही कितीतरी पुसल्यात. दुसऱ्या दिवशी टेबलावर तसाच एक गठ्ठा होता. खोडरबर ड्रॉवरमध्ये टाकला आणि रजिस्टरच्या शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'वाचकाच्या खुणा आहेत, पुसू नयेत'.