नाव टाका

माहितीपट तयार होता. आवाज बसवून झाला होता, उपशीर्षकं लागली होती, शेवटची आभारांची यादीसुद्धा दोनदा तपासून झाली होती. फक्त नाव नव्हतं. मित्राच्या संगणकात चार वर्षं ती फाइल ‘गेमवालं’ या नावाने राहत होती आणि महोत्सवाच्या अर्जात ‘गेमवालं’ असं लिहिणं आता त्याला बरं दिसेना. म्हणून मला फोन. “तू लिहितोस ना काहीबाही? एक नाव दे. दोन शब्द. फार तर तीन.” लिहिणाऱ्या माणसाच्या खिशात नावं सुट्ट्या पैशांसारखी खुळखुळत असतात, असा लोकांचा समज असतो.

विषय व्हिडिओ गेमचा इतिहास. निवेदन मराठीत, तेव्हा शीर्षकही मराठीच हवं, ही त्याची अट. ‘प्रवास’, ‘गाथा’, ‘वाटचाल’ आणि ‘दुनिया’ हे शब्द घेणार नाही, ही माझी. या चार शब्दांच्या खांद्यावर निम्मे माहितीपट उभे आहेत आणि त्यांतल्या एकाचंही नाव मला आठवत नाही.

सुरुवातीला सोपी वाट धरली. गेमच्या पडद्यावरचेच शब्द उचलायचे: इन्सर्ट कॉइन, प्रेस स्टार्ट, कंटिन्यू, गेम ओव्हर. इंग्रजीत त्यांचा केव्हाच चोथा झालाय, पण मराठीत कोरे करकरीत मिळतील. ‘प्रेस स्टार्ट’पाशीच गाडी अडली. दाब की दाबा? इंग्रजी यंत्राला हा प्रश्न कधी पडलाच नाही. समोर दहा वर्षांची मुलगी आहे की साठीचे गृहस्थ, हे त्याला माहीत नसलं तरी भागतं. मराठीत ते कळल्याशिवाय क्रियापदाला शेपूट लावता येत नाही. ‘बटण दाबा’ म्हटलं की लिफ्टमध्ये उभं असल्यासारखं वाटतं आणि ‘दाब बटण’ म्हटलं की कुणीतरी मागे छडी घेऊन उभं आहे असं. ‘गेम ओव्हर’ला ‘खेळ खल्लास’ असा फर्मास जोड मिळाला, पण त्यात एक मुडदा पडतो. मूळ शब्द किती सभ्य आहेत बघा. तुम्ही हरलात, असं यंत्र म्हणत नाही. डाव संपला, इतकंच सांगतं आणि नाण्याच्या फटीकडे बोट दाखवतं.

मग ‘पोरखेळ’ सुचलं आणि अर्धा दिवस मी माझ्यावरच खूश होतो. आयुष्यभर ज्याला पोरखेळ म्हणून हिणवलं, त्याच्या इतिहासाला तेच नाव! १९५८ साली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत पाहुण्यांना कंटाळा येऊ नये म्हणून ऑसिलोस्कोप या विजेच्या लहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या पाच इंची पडद्यावर टेनिस उभं करणारे विल्यम हिगिनबॉथम हे अणुबॉम्बच्या प्रकल्पात लॉस अलामोसला इलेक्ट्रॉनिक्सचा गट सांभाळून आलेले शास्त्रज्ञ. १९६२ साली एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातल्या मंडळींनी ‘स्पेसवॉर’ रचला तो पीडीपी-१ या संगणकावर, ज्याची किंमत होती १ लाख २० हजार डॉलर. पोरखेळ म्हणायला हे फारच महाग आणि फारच गंभीर लोक. उपरोध बरोबर बसत होता.

मित्राने ऐकलं आणि म्हणाला, “आणि पोरी?” त्याच्या माहितीपटात ‘रिव्हर रेड’ लिहिणाऱ्या कॅरल शॉ आहेत, ‘सेंटिपीड’वर काम केलेल्या डोना बेली आहेत. ‘पॅक-मॅन’चे तोरू इवातानी तर मुलींनाही आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून गेम खेळायच्या जागी, यावंसं वाटेल असा खेळ बनवायला निघाले होते. मी त्याला समजावलं, की ‘पोरं’ म्हटलं की मराठीत मुलीही आल्या. तो म्हणाला, पोस्टरखाली उभा राहून तू प्रत्येकाला हे समजावणार का? नाव गेलं.

खरी पंचाईत पुढेच होती. शीर्षक द्यायचं म्हणजे गोष्ट कुठे सुरू होते ते ठरवायचं, आणि या गोष्टीला सुरुवाती उदंड. १९५२ साली केंब्रिजच्या एडसॅक संगणकावर ए. एस. डग्लस यांनी फुली-गोळा बसवला होता. मग ते टेनिस. मग ‘स्पेसवॉर’. १९७१ साली नाणं टाकून खेळायचा ‘कॉम्प्युटर स्पेस’. १९७२ साली घरातल्या टीव्हीला जोडायचा मॅग्नावॉक्सचा ‘ओडिसी’ आणि त्याच वर्षी ‘पाँग’. ‘पहिला ठिपका’ असं नाव देऊन पाहिलं तर लगेच प्रश्न येतो, कुणाचा ठिपका?

त्यातल्या ‘ओडिसी’वर माझा जरा जास्तच जीव आहे. राल्फ बेअर यांनी तो एका तपकिरी डब्यात जन्माला घातला. त्याला आवाज नव्हता. रंगही नव्हते, म्हणून टीव्हीच्या काचेवर चिकटवायचे रंगीत प्लास्टिकचे पडदे सोबत यायचे. खोक्यात फासे होते, खोट्या नोटा होत्या. ठिपके हलवायचं काम यंत्राचं, बाकी सगळं खेळणाऱ्याने समजून घ्यायचं. इतका समजूतदार गेम पुन्हा झाला नाही, असं मला वाटतं. मे १९७२ मध्ये त्याच्या प्रात्यक्षिकाला नोलन बुशनेल गेले आणि तिथल्या पाहुण्यांच्या वहीत रीतसर सही करून आले. त्याच वर्षी त्यांच्या अटारी कंपनीचा ‘पाँग’ आला. पुढे मॅग्नावॉक्स आणि अटारीत कोर्टकचेरी झाली तेव्हा ती वही बाहेर निघाली आणि प्रकरण अखेर तडजोडीने मिटलं. एका सहीची किंमत! उत्साहाच्या भरात कुठेही नाव टाकू नये ते यासाठी.

नावांचा असा पसारा या इतिहासात जागोजागी आहे. बुशनेल आणि टेड डॅबनी यांना कंपनीला आधी ‘सिझिजी’ म्हणायचं होतं, पण ते नाव दुसऱ्या कुणीतरी घेऊन ठेवलेलं. म्हणून जपानी ‘गो’ खेळातला शब्द उचलला. ‘अटारी’ म्हणजे पुढच्या खेळीत तुझे मोहरे मी उचलणार, साधारण आपल्या बुद्धिबळातल्या ‘शह’सारखं. ‘पॅक-मॅन’ जपानमध्ये ‘पक-मॅन’ होता. अमेरिकेत कुणी टवाळाने ‘पी’ची रेघ खरवडून त्याचा ‘एफ’ केला तर काय होईल, या धास्तीने आधीच अक्षर बदललं. ‘डाँकी काँग’मधला सुतार सुरुवातीला नुसता ‘जंपमॅन’ होता. निन्टेन्डोच्या अमेरिकेतल्या गोदामाच्या मालकाचं नाव मारिओ सेगाली होतं, तेच त्याला चिकटलं. चित्रंही दाखवू न शकणाऱ्या एलेक्ट्रोनिका-६० या सोव्हिएत संगणकावर आलेक्सेई पाझितनोव यांनी १९८४ साली कंस जोडजोडून तुकडे रचले, आणि ग्रीक ‘टेट्रा’ला, म्हणजे चारला, आपलं आवडतं टेनिस जोडून ‘टेट्रिस’ केलं. ज्या खेळात टेनिसचा ट नाही, त्याच्या नावात टेनिस. म्हणजे ही सगळी जगभर गाजलेली नावं भीती, धावपळ आणि वैयक्तिक आवड यांतून झालेली. मला मात्र अर्थपूर्ण हवं होतं.

अर्थाच्या नादात ‘खड्डा’ या नावावर आलो. १९८२ च्या ख्रिसमसला बाजारात हवा म्हणून ‘ई. टी.’ हा गेम हॉवर्ड स्कॉट वॉर्शा यांच्याकडून साधारण पाच आठवड्यांत लिहून घेतला गेला. पुढच्या वर्षी अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला आणि सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीने ट्रक भरभरून माल न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचऱ्यात पुरला. २०१४ साली तो उकरून काढला, तेव्हा खरंच गेमच्या कार्ट्रिज निघाल्या. मातीतून वर येणारं ते चुरगळलेलं खोकं पाहिलं की वाटतं, झालं, हेच शीर्षक. आधीच इतर कुणी यावर माहितीपट केला आहे, हे एक सोडा. मोठी अडचण तारखांची. खड्डा खणला त्याच्या दोनच महिने आधी, १५ जुलैला, जपानमध्ये निन्टेन्डोचा फॅमिकॉम हा घरी खेळायचा गेम-संच विक्रीला आला होता. अलामोगोर्डोत मयत चाललेली आणि तोक्योत पेढे वाटायची तयारी. ‘खड्डा’ म्हटलं की आपण खड्ड्याच्या काठावर उभे राहतो. जपानी माणसाने विचारावं, कसला खड्डा?

मध्ये एकदा ‘२५६’ असा आकडाच सुचवला. मूळ पॅक-मॅनमध्ये पातळी मोजणारा आकडा एका बाइटमध्ये, म्हणजे ० ते २५५ एवढ्यातच मावतो, म्हणून २५६व्या पातळीला पडद्याची उजवी बाजू अक्षरांच्या आणि चिन्हांच्या भुशाने भरून जाते आणि पुढे जाता येत नाही. गेमला अंत लिहिलेलाच नव्हता, तो आकडा संपल्यामुळे आला. मित्राला कल्पना भयंकर आवडली. त्याच्या बायकोने विचारलं, हे काय, मेमरी कार्ड आहे का?

शेवटी, अर्ज भरायच्या दिवशी संध्याकाळी, ‘तीन जीव’ आलं.

डाव संपायच्या आधी मिळणाऱ्या संधींना खेळणारी पोरं ‘लाइफ’च म्हणतात, मला माहीत आहे. पण ‘लाइफ’ नुसतं जातं किंवा राहतं. जीव जातो, जीव रमतो, जीव खालीवर होतो, जीव लावला जातो, जिवावर उदार होऊन उडी मारली जाते. गेम खेळताना माणसाचं जे जे होतं ते सगळं या दोन अक्षरांत आधीच भरून ठेवलेलं आहे. शिवाय त्यात इतिहास आहे. पिनबॉल या चेंडू उडवायच्या यंत्रात एका नाण्याला ठरावीक चेंडू मिळत. आर्केडच्या यंत्रांनी तोच हिशोब उचलला, चेंडूंच्या जागी जीव दिले. ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये तीन, ‘पॅक-मॅन’मध्येही बहुधा तीन. तेवढ्यात तुम्ही आटोपावं आणि मागच्याने नाणं टाकावं, हा त्यातला व्यवहार. पुढे गेम घरात आला, नाण्याचं काम उरलं नाही, तरी तीन जीव कित्येक वर्षं तसेच राहिले. मोजायला कुणी नसताना मोजलेले. हे नाव कुठल्या देशाचं नाही, कुठल्या कंपनीचं नाही, त्याला सुरुवातीचं भांडण नाही.

मी लगेच फोन लावला नाही. चांगलं नाव सुचल्यावर जरा वेळ ते एकट्याने चघळण्यात मजा असते. त्या वेळात त्याने पाठवलेला एक तुकडा पुन्हा पाहिला. ‘ॲस्टेरॉइड्स’ या १९७९ च्या गेममध्ये मोठा स्कोअर केला की यंत्र तीन अक्षरं टाकायला सांगायचं. तीनच. एक कळ दाबून ए, बी, सी असं पुढे सरकायचं. त्या काळच्या बऱ्याच यंत्रांत रात्री वीज बंद झाली की सगळी यादी पुसली जायची, सकाळी पाटी कोरी. तरी लोक रोज नव्याने नाव कोरायचे. बनवणाऱ्यांना तेवढीही सोय नव्हती. अटारी आपल्या लोकांची नावं गेमवर छापत नसे, म्हणून वॉरन रॉबिनेट यांनी ‘ॲडव्हेंचर’मध्ये एक गुप्त खोली केली आणि तिच्यात स्वतःचं नाव टांगून ठेवलं. एका फुटकळ करड्या ठिपक्यातून तिकडे जायची वाट होती. ती कुणाला सापडेपर्यंत ते कंपनी सोडून गेले होते. खोली सापडली ती एका खेळणाऱ्या मुलाला.

गुणांच्या जुन्या याद्यांत एक नाव फार दिसतं: एएए. ज्याला कंटाळा आला, किंवा ज्याला ती कळ वेळेत जमली नाही, त्याचं नाव ते.

अकरा वाजून गेल्यावर मी फोन केला आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणालो, “तीन जीव.”

पलीकडे बराच वेळ शांतता. मग तो म्हणाला, “सुरेख आहे रे.” आणि थोड्या वेळाने, “पण अर्ज गेला. दहालाच भरला. तू फोन उचलेना.”

“मग नावाचं काय केलंस?”

“तो रकाना रिकामा ठेवला तर अर्ज पुढेच जात नव्हता.”

सकाळी त्याने महोत्सवाकडून आलेली पोच मला पाठवली. आपला माहितीपट ‘अअअ’ आम्हाला मिळाला आहे, असं तिच्यात लिहिलं होतं.